ऐकणाऱ्याचा दर

"बास झालं," म्हणत अंजलीनं पत्र वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज मध्येच बंद केला. "पुढचं मी सांगते. पुढे तर आणखी निर्लज्जपणा आहे."

मोशीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी तिघं जमत: प्रोग्राम लिहिणारे दोघं, ती आणि दिग्विजय, आणि निघोज्याहून येणारा नवनाथ. नवनाथला जन्मापासून दिसत नाही. 'वाचा' हे मराठी मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर तिघांनी मिळून उभं केलं होतं आणि कुणीही घ्यावं, वापरावं म्हणून खुलं ठेवलं होतं. आता यंत्र ते यंत्रच. 'कामाला जात आहे'मधलं जात आणि दाखल्यावरची जात त्याला एकच. 'चाकण'मधला च ते खुशाल 'चहा'तल्यासारखा म्हणायचं. असले घोटाळे नवनाथ कानानं पकडायचा, मग दिग्विजय ते दुरुस्त करायचा.

पत्र चाकणच्या एका कंपनीचं होतं. कामगारांना मराठीत सूचना द्यायला कंपनीनं 'वाचा' आपल्या यंत्रांत कधीच बसवलं होतं. विचारायची सक्ती नव्हती, म्हणून विचारलंही नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा! आता दुरुस्त्या लवकर हव्या होत्या, तर म्हणे वर्षभर मानधन देऊ. कुणाला? प्रोग्राम लिहिणाऱ्या तंत्रज्ञांना. आणि ऐकून चुका सांगणाऱ्या स्वयंसेवकांना प्रशस्तिपत्र.

"प्रशस्तिपत्र!" अंजली कडाडली. "ज्याला दिसत नाही त्याला भिंतीवर लावायला कागद! लाज कशी वाटत नाही यांना?"

दिग्विजय पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिला.

"कंपन्यांची पद्धत असते गं ती. घेऊ की. नवनाथभाऊंना आपण आपल्यातून देऊ काहीतरी."

"काहीतरी? म्हणजे दिवाळीची पोस्त?"

तिचे वडील भीमराज पिंपरीच्या कारखान्यात होते. एकाच लाइनीवर एकाला पगार आणि शेजारच्याला ठेकेदाराची हजेरी, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तीच कीड आपल्या घरात शिरावी, याचा तिला संताप आला होता.

"मी कालच कळवून टाकलंय," ती म्हणाली. "मानधन कुणालाच नको. हे श्रमदान आहे, विकायला काढलेलं नाही."

दिग्विजयनं बशी खाली ठेवली. "मला न विचारता?"

"तुझं उत्तर मला माहीत होतं."

तिनं नवनाथकडे पाहिलं. त्याच्याचसाठी तर ती भांडत होती. त्यानं निदान 'बरं केलंत' एवढं म्हणावं, अशी तिची अपेक्षा होती.

"अन् मला, ताई?" नवनाथ म्हणाला. "मला इचारलं व्हतं का?"

"अहो भाऊ, तुमचा अपमान केलाय त्यांनी."

"माझाच ना? मग त्याचं काय करायचं ते मी बगतो की." त्याचा आवाज चढला. "आमच्या कंपनीनं दिवाळीत टेलिफोनचा बोर्ड काढला. फोन आता आपोआप लागत्यात. आपरेटर घरी, म्हंजे मी."

अंजलीला हे ठाऊक नव्हतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर यायचा, चहा पिऊन जायचा. तिनं कधी चौकशीच केली नव्हती.

"बोलला का नाहीत?"

"श्रमदान पोटभर जेवलेल्यानं करावं, ताई. आमी बी केलं, जेवत व्हतो तवर. तुमी रागवा, चांगलं हाय. पण माझ्या वाटणीचा राग मला काढू द्या."

तो दिग्विजयच्या बाजूला वळला.

"लिवा राव. कंपनीलाच लिवा. म्हणावं, मी नवनाथ, निघोज्याचा. तुमच्या यंत्राच्या तोंडातल्या चुका मी काढल्यात. कागद नको. ऐकनं बी काम हाय, त्याचा बी दर असतो."

दिग्विजयनं लिहिलं. मग विचारलं, "भाऊ, आकडा किती टाकू?"

"ते ताई सांगतील," नवनाथ म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "माझ्यापायी येवढ्या भांडल्यात. सांगा ताई, माझ्या कामाचं किती व्हईल?"

प्रोग्राम लिहिणाऱ्याचा तासाचा दर अंजलीनं झोपेतही सांगितला असता. ऐकणाऱ्याचा दर किती, हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता. दिग्विजय कीबोर्डवर बोटं ठेवून तिची वाट पाहत राहिला.