उसन्या अकलेचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. खिशात मावणारा, रुपेरी रंगाचा, आणि आता झूम नसलेला. हे शेवटचं आधीच सांगून टाकतो, कारण मला हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा झूमचंच बटण दाबतो आणि मग माझ्याकडे असं बघतो, जणू मीच त्याला फसवलं.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात, आणि रांगेत निजलेले माझे हजारो जुळे भाऊ. खरी आठवण सुरू होते ती मलकापूरच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटापासून. तिथून २००९ साली हर्षलने मला उचललं. हर्षल धाड गावाजवळच्या एका खेड्यातला, कापूस आणि भाजी पिकवणाऱ्या घरातला. त्याचं प्रतीक्षाशी लग्न ठरलं होतं. फोटोवाला ठरवलेला असला तरी घरचा एक कॅमेरा हवाच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

काय दिवस होते ते! हर्षल मला मनगटाला अडकवून निघाला की निम्मी आळी मागे यायची. मी लग्नं टिपली, बारशी टिपली, शाळेचं गॅदरिंग टिपलं, पोळ्याला रंगवलेली शिंगं टिपली. पोरं फोटो काढून घ्यायची आणि लगेच माझ्या पाठीवरच्या पडद्याभोवती डोकी घालून "दाखव, दाखव" करायची. त्या एवढ्याशा पडद्यावर स्वतःला पाहून कोणी लाजलं नाही असं झालं नाही. खरं सांगतो, मला थोडी घमेंड चढली होती.

मग घरात मोबाईल आले. पहिला आला तेव्हा मी त्याच्याकडे तुच्छतेनेच पाहिलं, कारण त्याचे फोटो चिखलातून काढल्यासारखे दिसायचे. चौथा आला तेव्हा माझं पाहणं बंद झालं होतं. मला हातरुमालात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवलं होतं, विम्याचे कागद आणि रेशन कार्डाच्या शेजारी. प्रतीक्षा दिवाळीच्या आवराआवरीत मला बाहेर काढायची, पुसायची, "चांगला कॅमेरा आहे बाई" म्हणायची आणि परत ठेवायची. माझ्या पोटातली बॅटरी कोणी काढून ठेवली नाही. ती आतल्या आत पापडासारखी फुगली. दुखतं म्हणून सांगायला मला तोंड नव्हतं.

अशी बारा वर्षं गेली असतील. मग अन्नपूर्णाबाई एक वाक्य बोलल्या आणि माझं नशीब फिरलं.

अन्नपूर्णाबाई म्हणजे हर्षलची आई. सत्तरीला टेकलेली, गुडघे दुखणारी, पण वेचणीच्या दिवसांत घरात न थांबणारी बाई. त्या साली गावच्या तलावाची भिंत उंच करायचं ठरलं होतं, आणि त्यांचं वावर पाण्याखाली जाणार हे पक्कं झालं होतं. मोबदला मिळाला होता, दुसरीकडे जमीनही घेतली होती. त्यामुळे रडारड काही नव्हती. पण त्या वावरात कापसाचं ते शेवटचं पीक होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एका संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "पन्नास वर्सं झाले, मी या वावरात कापूस येचून राह्यली. पन बोंड फुटतानी काही मले कधी दिसलं नाही. सांजी पाहावं तं बंद, सकाळी पाहावं तं फुटलेलं."

एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली. हर्षलचा घास मात्र हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मला रुमालासकट उचललं आणि धाडच्या बसस्टँडसमोर अश्वजितच्या दुकानात नेलं.

अश्वजित हा हर्षलचा शाळेपासूनचा मित्र. मोबाईल दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे, आणि जे मेलं असं लोक म्हणतात ते जिवंत करायची त्याला खोड आहे. त्याने चिमट्याने माझी फुगलेली बॅटरी ओढून काढली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"अबे, कॅमेरा जित्ता हाये तुहा," तो म्हणाला. "बॅटरी मेली फक्त. पन हे कंपनीवाली बॅटरी आता कुठीच भेटत नाही."

"बोंडाचे फोटो काढाचे हायेत," हर्षल म्हणाला. "दर पाच मिनिटाले एक. चार-पाच दिवस सारखे. मंग ते जोडून फिल्म करू. मायले येकदा तरी दिसलं पाह्यजे, बोंड कसं फुटते ते. मोबाईलनं नाही का होत?"

"चार दिवस मोबाईल वावरात बांधून ठेवशीन? अन् तुले फोन आले तं ते का बोंड उचलीन?"

आता इथे माझ्या आतली गोष्ट सांगायला हवी. आमच्या प्रत्येकाच्या पोटात कंपनीने एक कायमचा प्रोग्राम घालून दिलेला असतो. डोळा कधी उघडायचा, कधी मिटायचा, सगळं तो ठरवतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. माझा प्रोग्राम मोठा शिस्तीचा होता. तीन मिनिटं कोणी बटण दाबलं नाही की तो मला झोपवायचा. दर पाच मिनिटांनी आपणहून फोटो काढणं माझ्या अकलेत बसतच नव्हतं. पण जगात कुठे कुठे बसलेल्या काही हौशी लोकांनी माझ्यासारख्या कॅमेऱ्यांसाठी दुसरा प्रोग्राम लिहिला होता, आणि तो फुकट वाटला होता. अश्वजितने तो मेमरी कार्डावर उतरवला आणि कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी सरकवली. आता हे कार्ड घालून मला चालू केलं की मी नव्या अकलेने चालायचो. कार्ड काढलं की पुन्हा पहिल्यासारखा, शिस्तीचा आणि झोपाळू.

मला पहिल्यांदा भीती वाटली, हे कबूल करतो. परकं कोणी आपल्या डोक्यात येऊन बसलं तर कोणालाही वाटेल. पण पडद्यावर नवी नवी अक्षरं उमटली आणि मला कळलं की मी कितीतरी कामं करू शकत होतो, फक्त कोणी सांगितलं नव्हतं. त्या वयात हे कळणं म्हणजे म्हाताऱ्याला नवे दात फुटण्यासारखं होतं.

बाकीचा थाटही बाहेरचाच. अश्वजितने सागाचा तुकडा घासून माझ्या बॅटरीच्या मापाचं लाकूड केलं, त्याला दोन तारा जोडल्या, आणि त्या तारा नेऊन लावल्या फवारणी पंपाच्या बॅटरीला. मध्ये वीज कमी करणारी एक छोटी पट्टी, नाहीतर मी जळूनच गेलो असतो. उन्हापावसाला म्हणून श्रीखंडाच्या डब्याला भोक पाडून मला त्यात बसवलं. पोळ्यातले बैल टिपणारा मी, आता श्रीखंडाच्या डब्यातून बघत होतो. हर्षल पोट धरून हसला. मी मात्र मनातून खूश होतो.

वावरात एका कळकाला मला बांधलं. समोर वीतभर अंतरावर एक हिरवं, टणक बोंड होतं. अश्वजितने नव्या प्रोग्राममध्ये माझी नजर त्या बोंडावर पक्की बांधून टाकली, म्हणजे मागचं पान हललं तरी ती ढळू नये. आणि काम सुरू झालं. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, दर पाच मिनिटांनी एक. पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोंडाच्या टोकाला केसाएवढी चीर पडली. मी बारा वर्षं अंधारात काढली होती, मित्रांनो. ती चीर पाहून मला जो आनंद झाला, तो एवढ्या लग्नांमध्येही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घात झाला.

आमच्या भागात वेचणी सुरू करण्याआधी वावरात सीतादही करतात. पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि कापूस दह्यासारखा पांढरा निघावा म्हणून झाडांवर दही शिंपडायचं. त्या दिवशी हर्षल कामाला चिखलीला गेला होता. अन्नपूर्णाबाई वेचणाऱ्या विमलबाईला घेऊन वावरात आल्या. पूजा झाली, दही शिंपडून झालं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हा बिचारा तीन दिवस झाले एका पायावर उभा हाये," त्या म्हणाल्या. "आपल्या वावराची राखन करून राह्यला. याले नको का?"

"मावशी, नोका टाकू, त्याच्या डोयात जाईन ना!" विमलबाई ओरडली.

"देवाचं दही हाये बाई. डोया थंडा होईन त्याचा."

आणि त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळभर दही माझ्यावर शिंपडलं. डोळा थंड झाला, यात शंका नाही. ते दही काचेवरून ओघळून माझ्या भिंगाच्या नळीच्या बारीक फटीत उतरलं आणि तिथे उन्हाने वाळून बसलं. आयुष्यात माझी पूजा एकदाच झाली, आणि त्या पूजेने मी आंधळा झालो. संध्याकाळपर्यंत मी इमानाने दर पाच मिनिटांनी पांढराशुभ्र फोटो काढत राहिलो.

हर्षलने येऊन मला बंद करायला पाहिलं तर नळी आत जाईना. तो मला घेऊन दुसऱ्या दिवशी शहरातल्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या माणसाने लाकडाची बॅटरी पाहिली, पडद्यावरची परकी अक्षरं पाहिली आणि मला हळूच टेबलावर ठेवलं. इतकं जुनं मॉडेल, त्यात बाहेरचं सगळं. आम्ही हात लावत नाही, असं तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. पण मला त्या काउंटरवर फार पोरकं वाटलं.

घरी अन्नपूर्णाबाईंना कळलं की काय झालं. त्या जेवल्याच नाहीत. "माह्याच साठी चाललं होतं, अन् म्याच डोया फोडला त्याचा," एवढंच त्या म्हणत राहिल्या. वावरातलं ते बोंड तोवर पूर्ण फुटून लोंबत होतं. वावर मोजणारी माणसं बांधावर लाल खुणा करून गेली होती. आठ-दहा दिवसांत वावर खाली करायचं होतं.

अश्वजित मला घेऊन दोन दिवस बसला. काडीला त्याच वावरातला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि फट पुसायची. दर थोड्या वेळाने माझ्याशी बोलायचा, "हो राजा, थोडं आणखी." शेवटी कट्ट असा आवाज झाला आणि नळी हलली. आत गेली, बाहेर आली, आणि तिथेच ठरली. दूरचं जवळ आणायची माझी ताकद तेवढ्यात गेली ती गेलीच. पण दिसत होतं.

त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर एक उशिरा धरलेलं बोंड राहिलं होतं. मला पुन्हा कळकाला बांधलं. या वेळी अन्नपूर्णाबाई छत्री घेऊन माझ्या शेजारीच बसल्या. कोणी वेचायला जवळ आलं की "त्या झाडाले हात नोका लावू" म्हणायच्या. चार दिवस त्या तिथे बसल्या. टक लावून बोंडाकडे बघायच्या, डोळे चुरचुरायचे, पण ते हलताना काही दिसेना. तिसऱ्या दिवशी मातीकामाचं यंत्र बांधापाशी आलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चालवणाऱ्याला म्हणाल्या, "दोन दिवस थांब, बापा. आमचं एक बोंड फुटाचं राह्यलं हाये."

त्याने मान वळवून त्या झाडाकडे पाहिलं. मग त्याने यंत्र वळवलं आणि दुसऱ्या टोकाने काम धरलं.

फिल्म पाऊण मिनिटाची झाली. घरच्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. हिरवं बोंड तपकिरी पडलं, टोकाला चिरलं, चार पाकळ्या हळूहळू मागे वळल्या आणि आतून कापूस फुगत फुगत बाहेर आला.  अन्नपूर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बाई गं, एवढा येळ लागते त्याले! अन् आमी खसकन् वढून घेत होतो." सगळे हसले. विमलबाईने दोनदा लावायला लावली. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या जन्माचं सार्थक झालं.

त्या वावरावर आता पाणी आहे. फार शांत, निळं पाणी. फिल्म घरात अजून अधूनमधून लागते, कारण अन्नपूर्णाबाई मागतात. परवाही मागितली. हर्षलने लावली. त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या आणि मान एका बाजूला कलती करून बघू लागल्या. मग म्हणाल्या, "हर्षल, ते बोंड जरासं बाजूले सार ना रे बापा. मांगचं वावर दिसू दे."

 हर्षलने फिल्म थांबवली आणि रिमोट हातात धरून तो तसाच उभा राहिला. मी टीव्हीशेजारच्या फळीवर होतो. बोंडामागे हिरवट, धुकट असं काहीतरी दिसत होतं. तो बांध असेल, बाभूळ असेल, वेचणाऱ्या बाया असतील. सांगता येणार नाही, कारण माझी नजर बोंडावर बांधलेली होती आणि ती मी इमानाने ढळू दिली नाही. माझ्या कार्डावर बोंडाचे पाचशे फोटो आहेत. वावराचा एकही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊ पडून असेल तर त्याची बॅटरी आजच काढून ठेवा. काच मऊ कापडाने पुसा. कंपनी नाही म्हणाली तरी त्याला टाकून देऊ नका, कोणी ना कोणी अश्वजित भेटतोच. पण मला जपा म्हणजे कपाटात ठेवा, असं मी म्हणत नाही. मला बाहेर न्या. ज्याच्यासाठी नेलं त्याचे हवे तेवढे फोटो काढा, आणि परत निघण्याआधी मागे वळून एक फोटो नुसत्या वावराचाही घ्या.