तेल बघ

बाबा गेल्यावर गाडी आई चालवू लागली. इंदिरानगरहून एकलहऱ्याच्या शाळेत शिकवायला जायचं तर दोन बस बदलाव्या लागत, आणि पाय सुजल्यापासून ते तिला जमत नव्हतं. २००१च्या दिवाळीत मी पुण्याहून आले तेव्हा गाडी विकायचं ठरत आलं होतं. डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा सिग्नलला थांबलं की लुकलुकायचा.

"बेअरिंग गेलंय मॅडम," गॅरेजवाले चंदरभाऊ म्हणाले होते. "इंजिन खोलावं लागेल. त्यापेक्षा विका, गिऱ्हाईक आणतो, उद्या चार वाजता."

मी भौतिकशास्त्राची. मोजल्याशिवाय मला पटत नाही. सकाळीच त्यांच्याकडून दाबमापक मागून आणला.

"ताई, आता डॉक्टर तुम्हीच!" ते हसले.

दिव्याचा सेन्सर काढून तिथे मापक जोडला. इंजिन थंड असताना दाब साडेतीन बार. गरम झाल्यावर, मंद चालीवर, अर्ध्या बारच्याही खाली. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. पण काटा थरथरत होता. बेअरिंग झिजलं असतं तर काटा खाली येऊन स्थिर राहिला असता. थरथर म्हणजे तेलात हवा.

इंजिन बंद करून थोड्या वेळाने तेलाची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर, आणि त्यावर बारीक फेस. चंदरभाऊंनीही पट्टी पाहिली असणार, पण तेल कमी नाही ना, एवढंच.

"आई, तेल कोण घालतं?"

"मीच. दिवा लागला की घालते. बाबांनीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"दिवा लागला की तेल बघ."

आमच्या घरात 'तेल बघ' म्हणजे तेल घाल. देवापुढची वात मंदावली की बाबा बाहेरूनच आईला सांगत, "आशा, तेल बघ गं." पहिल्यांदा तेल खरंच कमी असेल. पुढे प्रत्येक लुकलुकीला आई ओतत गेली. वर आलेलं तेल इंजिनातल्या फिरत्या क्रँकच्या दांड्याने घुसळलं जात होतं, पंप फेस ओढत होता, आणि दिवा पुन्हा लागत होता.

इंजिनाखालचा बोल्ट सैल करून जवळजवळ दोन लिटर तेल काढलं. गाडी गरम करून पुन्हा मोजलं. काटा दीडवर स्थिर.

"त्यांना नुसतं बघच म्हणायचं होतं?" आईने विचारलं.

"बहुतेक."

"विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली, आणि हात पुसायला आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

गिऱ्हाईक आणू नका म्हणून चंदरभाऊंना मी फोन केला. "राहिलं तर राहिलं," ते म्हणाले. "पण मॅडम एकट्या किती दिवस चालवणार?"

सुट्टी संपल्यावर आईने मला गाडीने स्टँडवर सोडलं. माझी बस सुटेपर्यंत ती थांबली नाही. तिला उजेड आहे तोवर घरी पोचायचं होतं.