मास्तरांच्या कमरेचे खरे माप

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी, साठ इंच लांबीची मापाची फीत आहे. दुकानात मला सगळे टेप म्हणतात. माझ्या दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या आहेत आणि पहिल्या आठ-दहा इंचांचे आकडे बोटांनी घासून घासून पुसट झाले आहेत. म्हणून "बिचारी!" असे म्हणू नका. मी अजून कामावर आहे, आणि माझ्यावर आलेल्या एका खोट्या आळाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कधी ताणले जाणार नाहीत असे धागे आत घालून मला विणले, वर मेणासारखा गुळगुळीत थर चढवला आणि काळेभोर आकडे छापले. एका म्हाताऱ्या शिंप्याने मला विकत घेतले आणि दुकानात आल्या आल्या आपल्या मुलाच्या गळ्यात घातले. "आजपासून दुकान तुझं," ते म्हणाले, "मला आता सुईचं नाक दिसत नाही." साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी चालली होती. पुढची काही वर्षे ते दुकानात येऊन नुसते बसत आणि आलेल्या कापडावरून हात फिरवून "हे सुती, हे लोकरी" एवढेच सांगत. ते हात मी पाहिले आहेत. मुलगाही ते रोज पाहत असे.

हा मुलगा म्हणजे आमचे मास्तर. हात असा साफ की कापडावर खडूची रेघ ओढली म्हणजे ती रेघ पुसायचे काम नाही. तीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात मिरवले. छोट्या मुलांच्या फ्रॉकची मापे घेतली, वकिलाच्या कोटाची घेतली, एकदा तर एका गवयाच्या तंबोऱ्याच्या खोळीचेही माप घेतले. गिऱ्हाईक खूश होऊन जाताना म्हणे, "मास्तर, तुमच्या टेपला नमस्कार!" मग मी दिवसभर फुगून बसे. फुगणारी फीत कामाची नाही हे खरे, पण कौतुक कोणाला आवडत नाही?

आमच्या दुकानाची एक खास पद्धत होती. मास्तर माप घेऊन आकडा मोठ्याने सांगत आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, तो वहीत लिहून घेत. पण कंबर चाळिशीच्या पुढे असली की मास्तर दोन इंच कमी सांगत, आणि काकू निमूटपणे दोन वाढवून लिहीत. दुकानात चार माणसे बसलेली असतात, त्यांच्यासमोर कोणाची फजिती कशाला, हा त्यामागचा विचार. आमचे बस चालवणारे ड्रायव्हरभाऊ घ्या. त्यांची कंबर चव्वेचाळीस. मास्तर सांगत, "बेचाळीस!" ड्रायव्हरभाऊ खूश, पँट बरोब्बर बसली म्हणून पुन्हा खूश. या पद्धतीला दोघे नवरा-बायको "गोड माप" म्हणत. मला ते मुळीच आवडत नसे. पण मला विचारतो कोण!

आता मास्तरांविषयी सांगते. बावन्नावे वर्ष लागले तेव्हा त्यांचे पोट मशीनच्या फळीला टेकू लागले होते. दिवसभर बैठे काम, दर तासाला दोन चमचे साखरेचा चहा, चहाबरोबर बिस्किटे, आणि रात्री दुकान बंद करून उशिरा पोटभर जेवण. वजन एका दिवसात वाढत नाही, ते पाहुण्यासारखे येते आणि मग घरचेच होऊन बसते. जिना चढताना मास्तर मधल्या पायरीवर थांबून भिंतीचा रंग बघायचे. रंगात बघण्यासारखे काही नव्हते.

एक दिवस काकूंनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेले. मी गळ्यातच होते, म्हणून सगळे ऐकले. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि चष्मा वर केला.

"साखर अगदी सीमेवर आहे. वडिलांना होती?"

"होती," मास्तर म्हणाले. "त्यांचे डोळे गेले त्यानं."

मास्तरांचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला. त्यांना आपले डोळे जाण्याची भीती होती. डोळे गेलेला शिंपी कसा बसतो, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

"घाबरू नका, अजून गाडी सुटलेली नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या फितीने मास्तरांची कंबर मोजली. सेहेचाळीस इंच. "चार महिन्यांत तीन इंच उतरवा. उपास नकोत, कसली पावडर नको. ताटात अर्धी भाजी, चहात साखर नाही, रात्रीचं जेवण लवकर. रोज चालायचं, आधी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवा. अर्ध्या अर्ध्या तासानं मशीनवरून उठायचं. स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, पायांत ताकद येते. आणि झोप पुरेशी हवी. रोज वजनकाट्यावर उभं राहून जीव टांगणीला लावू नका. गळ्यात टेप आहेच ना? रविवारी सकाळी कंबर मोजा, लिहून ठेवा. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

मित्रांनो, ते ऐकून मला केवढा आनंद झाला! इतकी वर्षे मी दुसऱ्यांची मापे घेत होते. आता माझ्या मास्तरांसाठी काही करायची वेळ आली होती.

मास्तर मोठे उतावळे. उपास नको असे सांगितले, म्हणून त्यांनी पहिले दोन दिवस उपासच केला. तिसऱ्या दिवशी भुकेने डोके ठिकाणावर नव्हते आणि त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बेतल्या. काकूंनी तो शर्ट त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक उजव्या हातानं काय करणार, टाटा?" त्या दिवसापासून काकूंनी ताट आपल्या हाती घेतले. भाजी अर्धे ताट, डाळ, एक अंडे, बाकीचे मोजके. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला.

पहिला रविवार आला. आमच्या धंद्यात एक नियम आहे, स्वतःचे माप स्वतः घेऊ नये. हात आपोआप फीत आवळतो. म्हणून मास्तर हात वर करून उभे राहिले, काकूंनी मला त्यांच्या कमरेभोवती गुंडाळले आणि वही मास्तरांच्या हाती दिली. मी पाहिले, सेहेचाळीस. आठवडाभर चालून, भाज्या खाऊन, सेहेचाळीसच. काकूंनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा तो चेहरा होता.

"चव्वेचाळीस," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी वहीत लिहिले, चव्वेचाळीस.

मी ओरडायचा प्रयत्न केला, पण फितीला तोंड नसते. झाले काय, ते नीट ऐका. काकूंनी दुकानाच्या रिवाजाप्रमाणे गोड माप सांगितले आणि त्यांना वाटले, लिहिणारा दोन वाढवून लिहील. तीस वर्षे त्या तेच तर करत होत्या! आणि मास्तरांना वाटले, गोड माप गिऱ्हाइकाला असते, घरच्या माणसाला कोण सांगेल?

एका आठवड्यात दोन इंच! मास्तरांना आकाश ठेंगणे झाले. पण काकूंना त्यांनी काही सांगितले नाही. त्यांच्या मनात होते की तीन इंच पुरे झाले की नवी पँट शिवून घालायची आणि बायकोला चकित करायचे. महिन्याभरात मी पंचेचाळिसावर आले, म्हणजे एक इंच खरोखर उतरला. काकू म्हणाल्या, "त्रेचाळीस." मास्तरांच्या हिशेबी लढाई जिंकली! मग काय विचारता? चालणे आज पाऊल दुखते म्हणून राहिले, उद्या काम फार म्हणून राहिले. बिस्किटांचा पुडा कापडाच्या गठ्ठ्यामागे राहायला आला. काकूंनी हटकले की मास्तर गालात हसत, "तू बघच गं!" काकू कपाळाला हात लावत.

दोन महिने झाले. मास्तरांनी राखाडी कापड काढले, वहीतला आकडा पाहिला आणि बेतायच्या लाकडी पट्टीने त्रेचाळीस इंच कमरेची पँट बेतली. मन लावून शिवली. इस्त्रीची घडी अशी की तिच्यावर बोट कापावे. दुपारी दुकानाचे दार लोटून घेऊन त्यांनी ती चढवली.

बटण लागेना. मास्तरांनी श्वास घेतला, सोडला, पोट आत घेतले, टाचांवर उभे राहिले, शेवटी टेबलावर आडवे झाले. बटण आणि काजे एकमेकांकडे दुरूनच बघत राहिले.

तीस वर्षांत मास्तरांची पँट पहिल्यांदा चुकली होती. त्यांचा चेहरा उतरला. कापड आटले म्हणावे, तर ते त्यांनी स्वतः भिजवून घेतले होते. कात्री चुकली म्हणावे, तर पट्टीवर पँटची कंबर बरोबर त्रेचाळीस भरत होती. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही टेपच ताणलीय!" ते म्हणाले. "म्हातारी झाली, खोटं सांगायला लागली."

आणि त्यांनी मला चिंध्यांच्या खोक्यात फेकून दिले. मित्रांनो, काय सांगू! जिने आयुष्यात एक रेघही इकडची तिकडे केली नाही, तिच्यावर हा आळ. कापडाचे तुकडे आणि तुटक्या दोऱ्यांमध्ये तोंड खुपसून मी पडून राहिले. मास्तरांनी दाराआडूनच शेजारच्या पोराला पिटाळून बाजारातून नवी, पांढरीशुभ्र फीत आणवली. तिने मास्तरांची कंबर पंचेचाळीस सांगितली, आणि मास्तरांनी काकूंना हाक मारली.

"बघ! नवी म्हणते पंचेचाळीस. जुनी त्रेचाळीस सांगत होती. दोन इंचांचा फरक! आता सांग, या टेपनं आपण किती गिऱ्हाइकांचे कपडे बिघडवले असतील? माझं नाव गेलं, आणि साखरही उतरली नसणार. दोन महिने राहिलेत. संपलं सगळं." ते स्टुलावर मटकन बसले आणि डोळे चोळू लागले.

 काकूंनी चिंध्या उपसून मला बाहेर काढले, झटकले आणि नव्या फितीशेजारी टेबलावर सरळ पसरले. इंचाला इंच, रेघेला रेघ. साठाव्या इंचापर्यंत केसाचाही फरक नव्हता.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "टेपचा काही दोष नाही. मी दोन कमी सांगत होते."

"काय?"

"गोड माप. पहिल्या दिवशी तुमचा चेहरा बघितला आणि तोंडातून तेच आलं. मला वाटलं, तुम्ही दोन वाढवून लिहिताय. नव्हता लिहीत?"

 आधी मास्तरांना राग आला, कान लाल झाले. मग त्यांनी अर्धवट लागलेल्या आपल्या पँटकडे पाहिले, टेबलावरच्या दोन फितींकडे पाहिले आणि त्यांच्या पोटातून हसू फुटले. काकूही हसू लागल्या. दोघे इतके हसले की पँटची शिवण मागून उसवली.

हसणे संपल्यावर मास्तरांनी डोळे पुसले. "म्हणजे एक इंच खरंच उतरलाय," ते म्हणाले.

"उतरलाय की! महिनाभर चाललात त्याचा आहे तो."

"मग उरलेलेही उतरतील." त्यांनी गठ्ठ्यामागून बिस्किटांचा पुडा काढून काकूंच्या हाती दिला. आणि मला पुन्हा गळ्यात घातले, आधी माझ्यावरून हळूच अंगठा फिरवून. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

दुसऱ्या सकाळपासून दोघे मिळून चालायला निघाले. मास्तर पुढे, काकू मागे, आठवड्याभरात काकू पुढे आणि मास्तर मागे. त्याच आठवड्यात ड्रायव्हरभाऊ आले. मास्तरांनी त्यांना आतल्या बाजूला नेले आणि कानात खरा आकडा सांगितला.

"चव्वेचाळीस? मास्तर, मी तर बेचाळीस ना?"

"तुम्ही कधीच बेचाळीस नव्हता, भाऊ. चूक माझी आहे. उद्या सकाळी सहाला आम्ही बागेकडे जातो. येताय?"

ड्रायव्हरभाऊ दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी बूट घालून हजर झाले. गप्पा अशा रंगत की वीस मिनिटांची चाळीस कधी झाली ते कोणालाच कळत नसे. काही आठवडे मी जागची हलले नाही. एका आठवड्यात तर पाव इंच पुढेच गेले. त्या रविवारी काकूंनी तोही आकडा खरा सांगितला आणि मास्तरांनी तो खरा लिहिला. जेवण दोघांचेही नेहमीसारखेच झाले, ना उपास, ना रुसवा.

चौथ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला. मास्तर खुर्चीच्या टोकाला बसले होते. त्यांनी मला मुठीत धरले होते.

"साखर खाली आलीय. औषध नको. कंबर?"

"साडेत्रेचाळीस," मास्तर म्हणाले. "अर्धा इंच राहिलाय, बाई."

"राहू दे की! चालत राहा, तोही जाईल. आणि डोळेही तपासून घेतले, छान आहेत."

मास्तर तडक परत आले. दुकान उघडले, दिव्याखाली बसले आणि एका झटक्यात सुईत दोरा ओवला. मग मी पाहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. काकूंनी ते पाहिले आणि पाठ फिरवून उगीच बटणे मोजायला घेतली.

त्या रविवारी मास्तरांचे माप झाल्यावर ते काकूंना म्हणाले, "आता तू उभी राहा."

"मी? माझं काय मध्येच?"

मित्रांनो, खरेच, इतक्या वर्षांत त्या वहीत काकूंचे माप कधी आलेच नव्हते. त्या नको नको म्हणाल्या, हसल्या, शेवटी श्वास रोखून उभ्या राहिल्या. मास्तरांनी मला त्यांच्या कमरेभोवती धरले.

"श्वास सोड," ते म्हणाले. काकूंनी सोडला. "एक्केचाळीस."

"अहो! थोडं तरी गोड सांगायचं!"

"नाही सांगणार," मास्तर म्हणाले. "तू मला अजून तीस वर्षं हवी आहेस."

काकूंनी वही ओढली आणि आपल्या हाताने लिहिले, एक्केचाळीस.

मित्रांनो, तुमच्याही घरी पन्नाशीला आलेले कोणीतरी असेल, जिन्यात थांबून भिंतीचा रंग बघणारे. त्यांच्या पोटाला हसू नका आणि "छे, तुम्ही कुठे जाड आहात!" असेही म्हणू नका. त्यांचे बूट त्यांच्यापुढे आणून ठेवा, आपलेही घाला आणि त्यांच्याबरोबर घराबाहेर पडा.