शिजवलेलं बेणं

शिजलेली हळद पुरली तर उगवत नाही, हे आमच्या वसमतकडं शेंबड्या पोरालाही कळतं. तरी पुढच्या सालच्या लागवडीसाठी लिंबाखाली वेगळं ठेवलेलं आमचं सगळं बेणं हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधून शिजून निघालं.

"हे कुणी टाकाय सांगितलं?" माझा नवरा विश्वंभर ओरडला.

तांड्यावरची रूपाबाई मजूर बायांची मुकादम. ती म्हणाली, "शिलाताईनंच."

"मी? लेकराची शपथ, मी न्हाई सांगितलं!" सगळ्यांसमोर मी तिला खोटारडी म्हणाले, वर 'चोराच्या उलट्या बोंबा' हेही ऐकवलं. विश्वंभरनं तिला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

मला लुपस आहे. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या आजारात सांधे धरतात तसा विसरही पडतो, त्याला वेड म्हणत नाहीत. घरी मी फक्त सांध्यांचं सांगितलं. विसरते म्हटलं असतं, तर मला चुलीवरच्या दुधापाशीही कोणी एकटं सोडलं नसतं.

चार दिवसांनी मोबाईलमध्ये भाचीच्या लग्नाचे फोटो शोधताना मीच रूपाबाईला पाठवलेला आवाजाचा मेसेज सापडला. माझाच आवाज, चांगला ठणठणीत: "लिंबाखालचा ढीग बी टाका, काही ठेवू नका." ऐकूनही आठवेना.

तशीच तांड्यावर गेले. रूपाबाई भाकरी थापत होती.

"तुझ्याकडं मेसेज होता. दाखवला काहून न्हाईस?"

"दाखवणारच व्हते. पण तुमी लेकराची शपथ घातली, तव्हा तुमच्या तोंडाकडं पाहलं. तुमाला खरंच याद नव्हती ताई. घरच्यांनी येडी ठरवलं असतं तुमाला."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं माझी लाज राखली होती. मी तिची चारचौघांत घालवली होती.

"माफ कर, बाई."

"इथं चुलीपाशी नको. शेतात समद्यांसमोर खोटारडी म्हणलं, तिथंच म्हणा."

"उद्या म्हणते," मी बोलून गेले आणि माझीच मला भीती वाटली. उद्यापर्यंत डोक्यात राहिलं नाही तर? की राहूनही मी विसरल्याचं सोंग करीन?

मी तिथूनच शेतात असलेल्या विश्वंभरला फोन लावला.

"मजूर हायेत ना तिथं? मग स्पीकर लावा," मी म्हणाले. "समद्यांना ऐकू द्या."