वासरू, गोऱ्हा, बैल

“पव्वा का अद्धा, आजी?” रीना सिस्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं.

पलंगावर माझा जितेंद्र. डोळे हळदीसारखे, पोट माठासारखं. सून रक्ताच्या पिशवीसाठी धावत होती. सांगायला मी आणि नात मयुरा.

मी बोलायच्या आधी मयुराच म्हणाली, “पहिले बाबा वासरू आणत. मंग गोऱ्हा. आता रोज बैल आणतेत.”

सिस्टरचं पेन थांबलं. “बैल?”

ही भाषा माझी. आमच्या घरी दारूला दारू म्हणायची चालच नव्हती. कुहीकडे गावी माझा सासरा मोहाची काढायचा, पहिल्या धारेची. एकदा बैलानं त्या मडक्यात तोंड घातलं. शेपटी वर करून तीन गावं नाचला, देवळात जाऊन घंटा वाजवली आणि उजाडता उजाडता आपल्या खुंट्यापाशी येऊन शहाण्यासारखा उभा! हे मी शपथेवर सांगायची. घंटा मी पाहिली नाही; बैल मात्र होता. तेव्हापासून पव्व्याला वासरू, अद्ध्याला गोऱ्हा, भरल्या बाटलीला बैल. सारी गल्ली तसंच म्हणायची.

सतराव्या वर्षी जितेंद्र पहिल्यांदा झुलत घरी आला. बाप काठी घेऊन उठला. मी म्हटलं, “मारू नोका जी, वासरूच तर हाये!” सगळे हसले. बापही हसला. काठी कोपऱ्यात गेली. काय खुश झाले होते मी त्या दिवशी!

“बैल म्हंजे खंबा,” मी सिस्टरला सांगितलं. “हिंगण्याची नोकरी गेली तेव्हापासून रोज.”

“कागदावर काय लिहू, आजी?”

“दारू लिही वं बाई. दारू.”

मयुरा माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, मला बाजूला नेलं. “घरच्यांना बोलावून घ्या,” एवढंच म्हणाले.

मी परत पलंगापाशी बसले. जितेंद्र डोळे न उघडता म्हणाला, “माय, बैलाची गोष्ट सांग नं.”

सांगितली. मडकं सांगितलं, तीन गावं सांगितली, घंटा सांगितली. मयुरा हसली नाही. खुंट्यापाशी आले आणि थांबले.

“मंग?” जितेंद्रनं विचारलं.

त्याचे पाय गार पडत चालले होते. मी त्यावर चादर ओढली.

“मंग काय गा... नाचूनच राहिला तो. अजून घरी नाही आला.”