उजव्या अंगाच्या पुळ्या

"फोड दिसला की फोडायला धावायचं नाही. आधी त्याला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून?"

काकांनी हे अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ती त्यांच्या हाताखाली बोटी दुरुस्त करायला लागली तेव्हा. पुतणी म्हणून लाड नव्हते, पण प्रश्न विचारायची मुभा होती. ती मुभा तिने इतकी वापरली, की शेडमधल्या लोकांनी तिचं नावच चौकशी ठेवलं. पुढे काकांचे हात थरथरायला लागले, ग्राइंडर धरवेना, तेव्हा सगळं काम तिच्याकडे आलं. काका तरीही रोज सकाळी यायचे, दारापाशी स्टुलावर बसून चहा घ्यायचे आणि बसल्या जागेवरून तिच्या चुका काढायचे.

आता आठ दिवस झाले, स्टूल रिकामं होतं.

त्याचं कारण समोर लाकडी घोड्यांवर उभं होतं. मास्तरीणबाईंची शिडाची बोट. सहा वर्षांपूर्वी काकांनी तिचं फायबरचं बूड तासलं, महिनोन् महिने वाळवलं आणि त्यावर नवे थर चढवले. त्यांच्या हातचं ते शेवटचं मोठं काम. यंदा बोट पाण्याबाहेर काढली, तर बुडाच्या उजव्या अंगाला पुळ्याच पुळ्या. काही मसुराएवढ्या, काही कोटाच्या बटणाएवढ्या. एक टोचून पाहिली तर तपकिरी थेंब पिचकारीसारखा उडाला आणि आंबूस वास आला. पाणी फायबरच्या आत मुरून त्याचे थर धरून ठेवणारं रेझिन कुजवायला लागलं, की असाच वास येतो.

शिवणयंत्रावर शिडं शिवणारा शिडवाला तिथेच बसलेला असायचा. त्याने मान वर न करता निकाल देऊन टाकला. "ओल्या अंगावर रंग फासला तुझ्या काकांनी, दुसरं काय?" संध्याकाळपर्यंत ते धक्क्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडी झालं. तिला त्याचा राग आला नाही. त्याचं तोंड तसंच होतं, आणि मन तोंडाइतकं वाईट नव्हतं. तिला लागलं ते वेगळंच. काकांनीही तेच मान्य केलं होतं.

ती घरी भेटायला गेली, तर ते खिडकीशी पाठ करून बसले होते. काकू खुणेनेच म्हणाली, दोन दिवस जेवण नीट नाही. काका सांगत होते, की त्या वर्षी हवा दमट होती, बाईंना घाई होती, कदाचित मीच चार दिवस आधी थर चढवले असतील. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, थांबा, वाळू द्या. आणि निघताना हात दाखवून अवलक्षण करून ठेवलं.

मग ते म्हणाले, "कारण सापडलं तर आधी मला येऊन सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

"सांगेन."

"माझी चूक असली तरी."

"कुणाचीही असली तरी," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिने पेन्सिल घेतली आणि एकेका पुळीभोवती गोल काढत गेली. बोटीखाली पाठीवर पडून पाहिलं, तेव्हा नवल वाटलं. पुळ्यांची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. पुढच्या बाजूला त्या एका जागी येऊन एकदम थांबत होत्या, जणू कुणी दार लावून घेतलं असावं. आणि डावं अंग लोण्यासारखं स्वच्छ. काकांनी घाई केली असती तर दोन्ही अंगांना केली असती. अर्धीच बोट ओली रंगवणारा माणूस तिने तरी पाहिला नव्हता.

मग तिने पारदर्शक प्लास्टिकचे तळहाताएवढे तुकडे कापले आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बुडावर बसवले, सहा उजवीकडे, सहा डावीकडे. आतून ओल बाहेर येत असेल तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. रोज सकाळी आधी तुकडे बघायचे आणि मगच चहाला तोंड लावायचं, असा तिने नेम केला. शिडवाला विचारायचा, "झालं का दर्शन?" ती म्हणायची, झालं, पण देव अजून बोलत नाही.

डावीकडचे सहा कोरडे. उजवीकडचे सहाही धुक्याने भरलेले. पुसून पुन्हा लावले, पुन्हा भरले. आठ दिवस बोट उन्हावाऱ्यात उभी, आणि तरी ओल कमी व्हायचं नाव नाही. म्हणजे जुनं पाणी वाळत नव्हतं असं नाही, नवं पाणी येत होतं. पाण्याबाहेरच्या बोटीत पाणी येईल कुठून?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. आठ दिवस ती खालून वर बघत होती. आता शिडी लावून वर चढली, केबिनमध्ये उतरली आणि उजव्या बाकाच्या फळ्या उचलल्या.

खालच्या खणात वीतभर पाणी शांतपणे साचलेलं होतं. त्याची वरची रेघ काठीने मोजली. बाहेरच्या पुळ्यांची कड बरोबर तिथेच. तिने करंगळी बुडवून जिभेला लावली. गोडं.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. तिने विचारल्यावर त्यांनी अभिमानाने सांगितलं, की प्रत्येक फेरीनंतर त्या केबिन गोड्या पाण्याने धुतात, चार बादल्या, खाऱ्या पाण्याने काही गंजू नये म्हणून. सहा वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. पाणी आपलं आपण खाली उपसायच्या पंपाकडे जातं, असं काकांनीच दाखवलं होतं.

ते खरंच होतं. प्रत्येक खणाच्या तळाशी पाणी पुढे सरकायला एक भोक ठेवलेलं असतं. डाव्या खणात ते होतं. उजव्या खणात मात्र त्या जागी गुळगुळीत, चकचकीत रेझिनचं बूच होतं. इतकं सफाईने बसवलेलं, की बाईही म्हणाल्या, किती सुबक काम आहे.

तिने छिन्नी लावली. दोन ठोक्यांत बूच निघालं आणि पाणी खळखळत पंपाकडे धावलं. तिने बूच उजेडात धरलं. पिवळसर रेझिनच्या आत काहीतरी जांभळं होतं. रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट.

लहान मापाचे जांभळे हातमोजे शेडमध्ये एकटीच घालायची. ती.

मग सगळं आठवलं, उगीच इतकं स्पष्ट. काका बाहेर बुडाला थर देत होते, ती आत कोपरे पुसत होती. कपात दोन चमचे रेझिन उरलेलं, घट्ट व्हायला आलेलं, टाकवेना. समोर भोक दिसलं. नव्या हाताला भोक म्हणजे दोषच वाटतो. तिने मोज्याचं बोट कोंबलं, वर रेझिन ओतलं, अंगठ्याने सारखं केलं आणि स्वतःवर खूश झाली. जी दिवसातून शंभर प्रश्न विचारायची, तिने त्या दिवशी तो एक प्रश्न विचारला नाही.

बाई विचारत होत्या, कळलं का काही? ती म्हणाली, कळलं, पण तुम्हाला दुपारी सांगते, आधी एका माणसाला सांगायचंय. मग त्यांना धुणं थोडे दिवस बंद ठेवायला सांगितलं. बूड पुन्हा वाळवायला लागेल, आणि या वेळी वाळेल, एवढंही सांगितलं.

खाली उतरून तिने हात धुतले. बूच रुमालात गुंडाळलं. शिडवाल्याने चहाचा कप पुढे केला आणि आज तरी देव बोलला का, असं विचारलं.

"बोलला."

"मग? कुणाचा दोष?"

तिने कप घेतला नाही. दारापाशी ठेवलेलं रिकामं स्टूल फडक्याने पुसलं, होतं तिथेच नीट ठेवलं आणि रुमाल मुठीत धरून काकांच्या घराच्या वाटेला लागली.