तक्रार नसलेलं गिऱ्हाईक

ऑपल स्टिडमने काचेच्या कपाटातून दोन रिव्हॉल्वर काढली, दोन्हींच्या चक्र्या उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि हिरव्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवली.

“हे महागाचं. आणि हे त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येतं,” ती म्हणाली. “दोन्ही हातात धर. चाप ओढून बघ.”

एमरी कॉडिलने हात जॅकेटच्या खिशातून बाहेर काढले नाहीत.

“स्वस्तातलं दे.”

“अरे, बघ तरी आधी. ह्याचा चाप म्हणजे गंजलेल्या फाटकाची कडी. ओढता ओढता नेम हलतो. आणि हे बघ, कसं लोण्यासारखं चालतं.”

“चालत असेल. स्वस्तातलं दे.”

ऑपलने त्याच्याकडे पाहिलं. एमरी तिच्या धाकट्या भावाच्या वर्गातला. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला, आणि साधा स्क्रू घ्यायचा तरी दहा स्क्रू उलटेपालटे करून दुकानदाराचा जीव खाणारा माणूस. गेल्या एप्रिलमध्ये त्याची बायको लोर्ना गेली. तेव्हापासून चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसायचा आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत उठून जायचा. आज दाढी मात्र नीट केलेली होती.

“अचानक रिव्हॉल्वर कशाला रे?”

“चोऱ्या वाढल्यात. मी दरीच्या पार टोकाला एकटा. घरच्या बंदुका ग्लेनाचा नवरा घेऊन गेलाय, नळ्या घासून देतो म्हणून. जूनपासून घासतोय.”

ग्लेना म्हणजे त्याची बहीण. ऑपलचा दीर हर्शेल फॉर्म पुढे सरकवत खो खो हसला. एमरी हसला नाही. त्याने फॉर्म भरला, सही केली, आणि हर्शेल सरकारी तपासणीचा फोन लावायला मागे गेला. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते, शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, दुकानात काडतुसांच्या खोक्यांचे मनोरे लागले होते.

फोनवरून ‘हरकत नाही’ असं उत्तर आलं. हर्शेल पावती करायला बसला.

“हर्शेल,” एमरी म्हणाला, “तुला सॅडी हवी होती ना? गाडीत आहे. घेऊन टाक.”

हर्शेलचं पेन थांबलं. सॅडी म्हणजे अख्ख्या तालुक्यात नाव असलेली बीगल कुत्री. एकदा ससा उठवला की ती सोडत नाही, म्हणून हर्शेल तीन वर्षं तिच्यामागे लागला होता आणि एमरीने प्रत्येक वेळी त्याला चार लोकांत हाकलून लावलं होतं.

“काय घेशील?”

“काही नको. तिच्या खाण्याची पिशवीपण आहे गाडीत.”

हर्शेलचं तोंड कानापर्यंत फाकलं. ऑपलने मात्र खिडकीतून त्याच्या गाडीकडे पाहिलं. सशांचा हंगाम पाच दिवसांवर आला होता, आणि ह्या डोंगरात हंगामाच्या तोंडावर आपली बीगल फुकट देणारा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

माणूस स्वतःसाठी रिव्हॉल्वर घ्यायला आला की तक्रार करतो. मूठ जाड आहे, वजन फार आहे, ह्या किमतीत तर ट्रॅक्टरचं टायर येईल. खिशात दमडी नसलेलासुद्धा महागाचं हातात घेऊन नावं ठेवतो, कारण ती वस्तू त्याला पुढे वर्षानुवर्षं वागवायची असते. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या बसचा ड्रायव्हर असाच आला होता, शहाण्यासारखा. स्वस्तातलं दे म्हणाला, चाप ओढून पाहिला नाही. ऑपलनेच ते कागदात बांधून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या मयताला ती आणि तिचा नवरा व्हर्नन शेवटच्या रांगेत उभे होते. व्हर्नन मरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, पण काचेच्या कपाटाला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही.

ऑपलने दोन्ही रिव्हॉल्वर उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

“तुला आज काही मिळणार नाही, एमरी.”

“काय?”

“ऐकलंस ते. नाही विकत.”

“फॉर्म भरला. फोन झाला. सरकारची हरकत नाही म्हणे!”

“सरकारची नसेल. माझी आहे.”

“माझा हक्क आहे तो, ऑपल!”

“आहे ना. आणि दुकान माझं आहे.”

हर्शेल पावतीपुस्तक हातात धरून उभा राहिला.

“वहिनी, सगळं नियमात बसतंय. असं गिऱ्हाईक परतवलं तर उद्या गावात...”

“गावात काय बोलायचं ते बोलू दे. आणि त्या कुत्रीला बोट लावलंस तर उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही.”

एमरीचा चेहरा लालबुंद झाला. “डोंगरापलीकडच्या मोठ्या दुकानात दहा मिनिटांत देतात. नावसुद्धा विचारत नाहीत!” असं म्हणून त्याने दार इतक्या जोरात आपटलं की वरची घंटा निसटून खाली पडली.

ऑपलने दारावरची पाटी ‘बंद’कडे फिरवली. शनिवारची सकाळ, वर्षातला सगळ्यात मोठ्या विक्रीचा दिवस.

“ग्लेनाला फोन कर,” ती हर्शेलला म्हणाली. “म्हणावं, हातातलं टाक आणि ये. आत्ता.”

आणि ती एप्रनसकट बाहेर पडली, एमरीच्या पिकअपचं दुसरं दार उघडलं, सॅडीला ढकलून बसायला जागा केली आणि सीटचा पट्टा लावला.

“उतर,” एमरी म्हणाला.

“नाही उतरत. चल ना, पलीकडच्या दुकानात जाऊ. त्यांच्या प्रत्येक मालातली खोट दाखवते तुला. संध्याकाळपर्यंत बडबडेन. ओळखतोस तू मला.”

“ऑपल, उतर म्हणतो ना.”

“मला उचलून टाकावं लागेल. गुडघा बदललाय माझा, जपून उचल.”

त्याने किल्ली लावली. गाडी घरघरली. ऑपल समोर बघत राहिली. तिने हात सॅडीच्या मानेखाली घातले.

“एमरी, जीव द्यायचा विचार आहे का तुझा?”

त्याने किल्ली उलटी फिरवली. गाडी बंद पडली.

“तिचा कोट अजून खुंटीवर आहे,” तो म्हणाला. “रोज सकाळी मला वाटतं, ती अंगणात गेलीय.”

“बरं.”

“बरं काय? काय बरं आहे त्यात?”

“काही नाही. बोल. मी ऐकतेय.”

तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागला. सॅडी ऑपलच्या मांडीवरून चढून त्याच्याकडे गेली. ग्लेना आली तेव्हा तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं. तोवर हंगामाची दोन गिऱ्हाइकं बंद पाटी बघून शिव्या देत निघून गेली होती, आणि ऑपलने त्यांना खिडकीतून हात हलवून टाटा केला होता.

त्या दिवशी ग्लेना त्याला आपल्याकडे घेऊन गेली. पुढे गावच्या दवाखान्यातल्या एका बाईशी बोलायला तो दर मंगळवारी जायला लागला, असं ऑपलला कळलं. दुकानात मात्र तो आला नाही. ऑपलने त्याचा अपमान केला असं तो म्हणतो, हेही तिच्या कानावर आलं. “करू दे राग,” ती हर्शेलला म्हणाली. “रागवायला माणूस आहे तरी.”

मार्चमध्ये, सशांचा हंगाम सरल्यावर, दारावरची घंटा वाजली. एमरी आत आला. मागोमाग सॅडी, कानावर हंगामातल्या ओरखड्याची खूण घेऊन.

“ती दोन दाखव,” तो तुसडेपणाने म्हणाला.

ऑपलने चक्र्या उघडल्या, तपासल्या, दोन्ही फडक्यावर ठेवली. एमरीने चष्मा लावला. महागाचं उचललं, उजेडाकडे धरलं, चाप ओढला, पुन्हा ओढला.

“हे लोणी? मूठ बघ, किती निसरडी! आणि एवढी किंमत? लुटारू आहेस तू, ऑपल.”

“मग स्वस्तातलं घे.”

त्याने ते उचललं, कानाशी धरून चक्री फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

“हे? दहा वर्षांत खिळखिळं होईल हे!”

“दहा वर्षांत?”

“मग? आठच, फार तर.” त्याने ते फडक्यावर परत टाकलं. “नको. दोन्ही भंगार आहेत. शरदात नवीन माल आला की बघीन.”

तो सॅडीला हाक मारत, काही न घेता निघून गेला.

“गेलं की गिऱ्हाईक,” हर्शेल कुरकुरला. “अर्धा तास फुकट घालवला.”

ऑपल पाठमोरी होऊन कपाटाला कुलूप लावत होती. तिला कुलपाचं भोक सापडत नव्हतं.

“शरदात येतो म्हणालाय,” ती म्हणाली. “वहीत लिहून ठेव.”